कोणासाठी आलात?

छोट्या गिगला, म्हणजे बँडांच्या लाइव्ह कार्यक्रमाला, दारात मनगटावर शिक्का मारता मारता विचारतात, "कोणासाठी आलात?" विचारणाऱ्याच्या हातात एक कागद असतो. त्यावर त्या रात्री वाजवणाऱ्या बँडांची नावं आणि प्रत्येक नावापुढे उभ्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. बरेच जण "असंच, बघायला" म्हणत आत जातात. सुरुवातीला मीही जायचे. मग कळलं की रात्री त्या रेघा मोजून पैसे वाटले जातात. सगळीकडे अशी पद्धत नसते. कुठे ठरलेलं मानधन असतं, कुठे जागेचा खर्च वजा करून उरलेल्याची सरळ वाटणी होते. पण जिथे तो कागद असतो तिथे "असंच" म्हटलं की रेघ कोणाच्याच नावापुढे पडत नाही. तेव्हापासून मी पहिल्या बँडचं नाव घेते. ते खरंही असतं, मी त्यांच्यासाठीच आलेली असते.

याला नऊ वर्षं झाली. सुरुवात भाच्यामुळे झाली. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, बेस गिटार वाजवायचा. एका तळघरातल्या जागेत त्यांच्या बँडला पहिल्यांदा वाजवायला मिळालं होतं, तीन बँडांत सगळ्यांत आधी. "मावशी, आठ म्हणजे आठला ये. साडेआठला आमचं संपलेलं असेल." मी पावणेआठलाच पोहोचले. त्यांनी पहिलं गाणं सुरू केलं तेव्हा खोलीत मला धरून अकरा माणसं होती. मोजली, कारण नजर कुठे ठेवावी हे सुचत नव्हतं. त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघेल आणि चुकेल अशी भीती वाटत होती. अकरांतले तिघं पुढच्या बँडमधले, दोघं तिथे काम करणारे, एक साउंड इंजिनिअर. खोली लहानच होती, पण सगळे भिंतीला टेकून उभे राहिल्यावर मध्ये जी मोकळी फरशी उरली, ती मला अजून आठवते.

घरी येऊन मी एका वहीत तारीख लिहिली आणि पुढे ११. वही अजून चालू आहे. पहिल्या बँडच्या पहिल्या गाण्याला खोलीत किती माणसं, एवढाच आकडा. कधी त्याखाली एखादी ओळ.

पहिल्या बँडला मिळते ती खोली आणि शेवटच्या बँडला मिळते ती खोली एकच नसते, हे मला समजायला बराच काळ लागला. भिंती त्याच, स्पीकर तेच, पण आवाज वेगळा. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानाच्या सभागृहात बोललेलं काही कळेना, म्हणून वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं गेलं. तिथे आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास वेळ लागायचा. सबाइनने रात्री, सगळं शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून तिथे मांडल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची, आणि आवाज विरेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचे. गाद्या वाढवायच्या, पुन्हा मोजायचं. मग त्याने माणसांचंही मोजमाप केलं. त्याचं माप होतं उघडी खिडकी, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. त्या मापाने, कपडे घातलेला एक उभा माणूस मधल्या आणि वरच्या सुरांना साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीएवढा असतो.

म्हणजे अकरा माणसं म्हणजे अकरा लहान खिडक्या. शेवटच्या बँडच्या वेळी सत्तर माणसं आत असली तर सत्तर खिडक्या, आणि ड्रमच्या झांजांचा कडकडाट त्या बघता बघता गिळून टाकतात. पहिल्या बँडच्या झांजा मात्र उघड्या फरशीवर आपटून, मागच्या भिंतीवर आपटून परत येतात आणि गाणाऱ्याच्या शब्दांवर बसतात. लोक म्हणतात, "पहिला बँड कर्कश होता." बँड कर्कश नव्हता, खोलीत आपण नव्हतो. हे कळल्यापासून मी भिंत सोडली. पहिलं गाणं सुरू झालं की मध्ये जाऊन उभी राहते, स्टेजपासून चार पावलांवर. एक माणूस मध्ये उभा राहिला की दुसऱ्या गाण्यापर्यंत अजून दोघं-तिघं भिंतीपासून सुटतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याची वाट बघते.

खालच्या सुरांचं तसं नाही. बेसच्या बाबतीत माणसांच्या कपड्यांचा फारसा उपयोग होत नाही. ४० हर्ट्झच्या सुराची लहर साडेआठ मीटर लांब असते, कितीतरी छोट्या जागांची रुंदी त्याहून कमी. ती भिंतीपाशी साचते, कोपऱ्यात तर फारच. भिंतीला टेकून "बेस जास्त आहे" म्हणणाऱ्याला मी हळूच पुढे यायला सांगते. भाच्याच्या त्या पहिल्या रात्री मीही कोपऱ्यातच होते, आणि मला फक्त तोच ऐकू येत होता. तेव्हा वाटलं, मावशी आहे म्हणून.

पहिल्या बँडच्या वाट्याला वेळही कमी येतो. साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघणं, उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणाऱ्यांचा आधी, पहिल्या बँडचा सगळ्यांत शेवटी, म्हणजे त्यांची मांडणी तशीच ठेवून दारं उघडता येतात. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, सोय आहे. पण एखादी केबल खरखरते, कोणी रस्त्यात अडकतं, मोठ्या बँडला मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, आवाज पुरत नाही, आणि असा गेलेला प्रत्येक मिनिट चेकला शेवटी असलेल्या पहिल्या बँडच्या वाट्यातून जातो. भाच्याच्या बँडला त्या रात्री सात मिनिटं मिळाली. ड्रम सेट बहुधा सगळ्यांत मिळून एकच असतो. स्नेअर म्हणजे कडक वाजणारा छोटा ड्रम, झांजा आणि पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल तेवढं ज्याचं त्याने आणायचं. जिथे दोन सेट असतात तिथे मोठ्या बँडचा मागे तसाच राहतो आणि पहिल्या बँडचे चौघं पुढच्या अरुंद पट्टीवर उभे राहतात, गिटारची मान एकमेकांना लागणार नाही इतपत अंतर राखत.

तेवढ्या जागेत नवीन गायक हमखास एक गोष्ट करतो: माइकचं जाळीचं डोकं मुठीत धरतो. सगळीकडे दिसणारा तो माइक, शुअरचा एसएम ५८, १९६६ पासून जवळपास तसाच आहे. तो समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं टाळतो, म्हणून मॉनिटर त्याच्या पाठीमागे, गायकाच्या पायाशी ठेवतात. डोकं मुठीत झाकलं की पाठीमागचा मार्ग बंद होतो, माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी सुरू होते. सगळे कानांवर हात ठेवतात आणि साउंड इंजिनिअरकडे वळून बघतात. मी एका मुलाला सेट संपल्यावर हे बाजूला घेऊन सांगितलं होतं. पुढच्या गिगला त्याने माइक नीट खालून धरला आणि दुसऱ्या गाण्याच्या आधी माझ्याकडे बघून हात जरा वर केला. त्या दिवशीचा आकडा २६ आहे, आणि खाली एवढंच लिहिलंय: खालून धरला.

कानांचंही सांगते, कारण मी ते उशिरा शिकले. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका रात्री मी गिटारच्या अ‍ॅम्पच्या, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, थेट रेषेत उभी होते. अ‍ॅम्पचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ येतो. झोताबाहेर दोन पावलं सरकलात तर फरक लगेच कळतो. मी सरकले नाही. डावा कान दोन दिवस वाजत होता. रात्री उशीवर डोकं टेकलं की तोच एक सूर. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. छोट्या खोलीत स्नेअर माइकशिवायही मोठा असतो आणि गायकाचा आवाज त्याच्या वर आणावाच लागतो, त्यामुळे १०० सहज गाठले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, इअरप्लग मिळायला हवेत, थोडा वेळ कान शांत करायला वेगळी जागा हवी. फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, सगळं रजईतून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठीचे फिल्टर असलेले मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात. माझे किल्ल्यांच्या जुडग्यालाच लटकवलेत. तुम्हीही वापरा. हे मी फार मनापासून सांगतेय. मला साठीतही पहिल्या बँडला जायचंय.

ते तळघर आता नाही. पाचव्या वर्षी शेजारी नवी इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, तक्रारी सुरू झाल्या. त्या लोकांनाही झोप हवी, ते मला कळतं. पण तळघर आधी होतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत एक तत्त्व आणलं: जो नंतर येऊन बदल घडवतो, आवाज अडवण्याची सोय त्याने करायची. नवी इमारत आली तर खिडक्या तिने जाड बसवायच्या. इतकी साधी गोष्ट आमच्या तळघराच्या वेळी कुठल्या कागदावर असती तर, असं मला त्या रस्त्याने जाताना प्रत्येक वेळी वाटतं. लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लबही गोदामाखालचं तळघरच होतं. बीटल्स तिथे १९६१ ते १९६३ या काळात २९२ वेळा वाजवले असं सांगतात, त्यांतले कितीतरी कार्यक्रम दुपारच्या सुट्टीतले. ते तळघर १९७३ मध्ये रेल्वेच्या कामापायी बंद करून बुजवलं, आणि १९८४ मध्ये पुन्हा बांधलं, कारण तोवर सगळ्या जगाला त्याचं नाव माहीत झालं होतं. आमच्या तळघराचं नाव त्या अकरा जणांना आणि आणखी काही शे लोकांना माहीत असेल.

भाच्याचा बँड तीन वर्षांनी सुटला. भांडण नाही, एकेकाची नोकरी एकेका दिशेला. तो आता दुसऱ्या शहरात असतो, बेस घरीच वाजवतो. पण गिगच्या रात्री आठच्या सुमाराला त्याचा मेसेज येतो: "आकडा?" मी पाठवते. पंधराच्या वर असला तर तो काही लिहीत नाही. त्याखाली असला तर विचारतो, "मध्ये उभी आहेस ना?"

गेल्या वर्षाच्या शेवटी मी एका बँडला पहिल्यांदा ऐकलं, चार मुली. आकडा ९. दारातल्या मुलाने कागदावर त्यांच्या नावापुढची पहिलीच रेघ माझ्यासाठी ओढली. त्यांच्या तिसऱ्या गाण्यात एका ठिकाणी ड्रमर अचानक थांबते आणि नुसता बेस चालू राहतो, बराच वेळ, इतका की काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं. आणि मग गाणारी जवळजवळ कुजबुजत आत येते. नऊ माणसांची ती खोली त्या क्षणी इतकी शांत झाली की अ‍ॅम्पची घरघर ऐकू येत होती. सेट संपल्यावर त्या केबल गुंडाळत होत्या, तेव्हा मी बेसवालीला म्हटलं, "ते तिसरं गाणं फार आवडलं." तिने वर बघितलं. "ते? ते आज शेवटचं वाजवणार होतो आम्ही. कोणाला पोहोचत नाही असं वाटत होतं." मी नाव विचारलं. नाव अजून ठेवलेलं नव्हतं.

तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, पुन्हा पहिल्याच. मी साडेसातलाच दारात होते. ड्रमर थांबायची ती जागा आता अजून लांब केली होती. गाणारी माइकवर एवढंच म्हणाली, "पुढच्याला अजून नाव नाही," आणि बेसवालीने सुरू केलं.

आकडा २३.