तारखा विचारणारी पत्रे

गेले चार-पाच महिने रोज संध्याकाळी मी फिलिप हेंच या अमेरिकी डॉक्टरांचा पत्रव्यवहार वाचतो आहे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात हेंच यांचे नाव कॉर्टिसोन या औषधामुळे राहिले. संधिवातावरील त्या कामासाठी १९५० साली त्यांना अन्य दोन संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण मेयो क्लिनिकमधील आपले काम सांभाळून १९३७ च्या सुमारास त्यांनी आणखी एक शोध हाती घेतला होता. १९०० साली क्यूबात पीतज्वरावर, म्हणजे यलो फीवरवर, जे प्रयोग झाले त्यांतील हयात माणसांना आणि दिवंगतांच्या कुटुंबीयांना पत्रे पाठवून, नेमके काय, कुठे आणि कोणत्या दिवशी घडले हे ते विचारत राहिले. त्यावर ते पुस्तक लिहिणार होते. ते लिहून होण्याआधीच १९६५ साली त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या पत्नीने हा सारा संग्रह व्हर्जिनिया विद्यापीठाला दिला, आणि आज त्यातला मोठा भाग धुळ्यात बसूनही वाचता येतो.

मी अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास शिकवताना, क्यूबातल्या त्या प्रयोगांचे प्रमुख वॉल्टर रीड यांचे नाव सांगायचे, १९०० हे साल सांगायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, असा माझा क्रम असे. त्या एका सालाच्या पोटात किती दिवस दडलेले आहेत आणि त्यांतला एकेक दिवस का महत्त्वाचा आहे, हे मी विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही, याची आता मनापासून रुखरुख वाटते.

पीतज्वराचा सगळा गुंता दिवसांचाच होता. डासामुळे हा रोग पसरतो, असे हवानाचे डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ सालीच मांडले होते आणि डासही त्यांनी अचूक ओळखला होता; तरी त्यांचे स्वतःचे प्रयोग कुणाला पटले नाहीत, कारण रुग्णाला चावलेला डास ते फार लवकर दुसऱ्या माणसाला चाववत असत. १८९८ साली मिसिसिपी राज्यातील ऑरवूड या गावात हेन्री रोझ कार्टर या अमेरिकी डॉक्टरांनी घरोघरच्या नोंदी काढल्या, कोणत्या घरात पहिला रुग्ण कधी झाला आणि त्या घरी कोण कधी येऊन गेले हे मांडले, तेव्हा पहिला रुग्ण आणि त्याच्यापासून होणारे पुढचे रुग्ण यांच्यात दोन-तीन आठवड्यांचे अंतर पडते असे त्यांच्या लक्षात आले. रुग्णाच्या आजाराचे पहिले दोन-तीन दिवसच डासाला लागण होऊ शकते, आणि मग सुमारे बारा दिवस गेल्यावरच तो डास दुसऱ्याला आजारी पाडू शकतो, हे आज आपण एका वाक्यात सांगतो. ते वाक्य तयार होण्यासाठी कुणाला तरी प्रत्येक डासाची जन्मकुंडली ठेवावी लागली.

ती ठेवणारा माणूस म्हणजे जेसी लाझिअर. वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, अरिस्तिदेस आग्रामोन्ते आणि लाझिअर अशा चौघांच्या अमेरिकी लष्करी आयोगाने जून १९०० मध्ये क्यूबात काम सुरू केले. फिनले यांनी दिलेल्या अंड्यांतून लाझिअरने डास वाढवले. कापसाच्या बोळ्याने बंद केलेल्या काचेच्या नळीत एकेक डास ठेवून तो रुग्णाकडे जाई, नळीचे तोंड रुग्णाच्या हातावर टेकवून डासाला रक्त पिऊ देई, आणि कोणता डास कुणाला कोणत्या दिवशी चावला हे वहीत लिही. २७ ऑगस्ट रोजी कॅरोल यांनी अशाच एका डासाला आपल्या हाताचा चावा घेऊ दिला. त्या डासाने बारा दिवसांपूर्वी एका रुग्णाचे रक्त आजाराच्या दुसऱ्या दिवशी घेतले होते. कॅरोल मरणाच्या दारातून परत आले. पण ते त्याच दिवसांत हवानाच्या शवविच्छेदनगृहातही जाऊन आले होते, म्हणून लागण नक्की कुठून झाली हे सांगता येईना. ३१ ऑगस्टला डीन नावाच्या शिपायाला चावा दिला, तोही आजारी पडला, आणि तो कित्येक आठवडे छावणीबाहेर गेलेलाच नव्हता. एका माणसाने कुठे जाणे आणि दुसऱ्याने कुठेही न जाणे, एवढ्यावर पुराव्याचे वजन बदलले.

सप्टेंबरात लाझिअर स्वतः आजारी पडला आणि २५ तारखेला, वयाच्या ३४ व्या वर्षी गेला. इस्पितळात रुग्णांवर डास पोसत असताना एक डास त्याच्या हातावर बसला आणि त्याने तो उडवला नाही, असे अधिकृत वृत्तान्त सांगतो. त्याने मुद्दाम स्वतःवरच प्रयोग केला असावा, असा संशय त्याच्या परिचितांना तेव्हाही होता आणि इतिहासकारांना आजही आहे. रीड तेव्हा वॉशिंग्टनमध्ये होते; ते परतल्यावर लाझिअरच्या नोंदींच्या आधारेच ऑक्टोबर १९०० मधला त्यांचा पहिला निबंध उभा राहिला. बायकोला लिहिलेल्या सप्टेंबरमधल्या एका पत्रात, आपल्याला खऱ्या कारणाचा माग लागला आहे असे लाझिअरने सांगितले होते. त्यानंतर तो तीन आठवडेही जगला नाही.

हे वाचताना मला आमच्या आप्पांची आठवण येते. माझे वडील हिवताप विभागात आरोग्य कर्मचारी होते. शिरपूर आणि साक्रीकडच्या पाड्यांवर ते दर पंधरा दिवसांनी घरोघर जात, कुणाला ताप असला तर बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेत, क्लोरोक्विनच्या गोळ्या देत आणि दाराजवळच्या भिंतीवर छापलेल्या चौकटीत भेटीची तारीख घालून सही करत. लहानपणी सुटीत मी एकदोनदा त्यांच्यासोबत गेलो होतो. एका म्हातारीने त्यांना विचारले होते, "भाऊ, हाई कसाले लिखस?" त्यावर, मी खरंच आलो होतो हे भिंतीला माहीत असावे म्हणून, असे आप्पांनी सांगितले होते. भिंतीवरची तारीख आणि त्यांच्या डायरीतली तारीख जुळलीच पाहिजे, याबाबत ते फार कडक होते. काचपट्टीच्या कडेला ते बारीक अक्षरात क्रमांक घालत आणि तो वाळेपर्यंत हातात धरून उभे राहत.

त्यांच्या त्या डायऱ्या आता नाहीत. जुने घर सोडताना मी स्वतः त्या रद्दीत घातल्या. तेव्हा त्यांत मला तारखा आणि आकडे यांपलीकडे काही दिसले नव्हते.

हेंच यांच्यापुढची अडचण वेगळी असली तरी जात तीच होती. लाझिअरच्या मृत्यूनंतर २० नोव्हेंबर १९०० रोजी क्वेमादोसजवळ त्याच्याच नावाने छावणी उभी राहिली. तिथे दोन लाकडी खोल्या बांधल्या होत्या. पहिल्या खोलीत पीतज्वराच्या रुग्णांचे मळलेले, ओकारीने भरलेले कपडे आणि अंथरुणे पेट्यांत भरून आणली होती, डॉ. कुक आणि दोन शिपाई त्याच अंथरुणांत २० रात्री झोपले आणि ठणठणीत बाहेर आले. त्यांच्यानंतर गेलेल्यांनाही काही झाले नाही. दुसरी खोली स्वच्छ होती, मधोमध तारेच्या जाळीने विभागलेली. २१ डिसेंबरला जॉन मोरान हा तरुण आंघोळ करून डास सोडलेल्या भागात जाऊन पडला, जाळीपलीकडे बसलेल्यांना डास चावले नाहीत. नाताळच्या दिवशी मोरानला ताप भरला आणि पलीकडचे धडधाकट राहिले. त्याआधी ५ डिसेंबरला जॉन किसिंजर या शिपायाला चावा दिला होता आणि तो तीन दिवसांत आजारी पडला होता. दोघांनीही मोबदला नाकारला होता.

जवळजवळ चार दशकांनंतर हेंच यांनी या दोघांना आणि त्यांच्या साथीदारांना प्रश्न विचारले, तेव्हा सगळे म्हातारे झाले होते, आणि पहिला स्वयंसेवक कोण यांसारख्या गोष्टींवर आठवणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. मला हेंच यांचे मोठेपण दिसते ते इथे. त्यांनी कुणाला खोटे ठरवण्याची घाई केली नाही. एकाचे म्हणणे दुसऱ्यापुढे ठेवले, जुने नकाशे आणि छायाचित्रे गोळा केली, क्यूबाला जाऊन जमिनीवर पायी फिरून छावणीची जागा शोधली आणि पहिली लाकडी खोली एका शेतात अजून उभी असल्याचे दाखवून दिले. १९५२ साली तिथे स्मारक झाले. एखाद्या नोबेल विजेत्या माणसाने शेतातल्या एका पडक्या खोलीसाठी इतकी वर्षे द्यावीत, हे मला त्यांच्या औषधाइतकेच मोलाचे वाटते.

या संग्रहातले जे कागद मी पुन्हा पुन्हा उघडतो, ते मात्र हेंच यांनी लिहिलेले नाहीत. स्पेनमधून नुकत्याच आलेल्या मजुरांशी आयोगाने केलेले ते लेखी करार आहेत, स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतले. प्रयोगाला तयार झाल्याबद्दल १०० डॉलर सोन्याच्या नाण्यांत, पीतज्वर झाला तर आणखी १००, आणि मुदतीआधी छावणी सोडली तर पैसे बुडाले. जिवाला धोका आहे हे करारात लिहिले आहे. पण या बेटावर राहून लागण टळणे तसेही अशक्य आहे, म्हणून आयोगाच्या उत्तम देखरेखीखाली ती झालेली बरी, असा युक्तिवादही त्याच कागदात मजुराच्या तोंडी घातला आहे. संमती लेखी घेण्याची ही वैद्यकशास्त्रातली फार लवकरची उदाहरणे आहेत आणि त्याचे श्रेय रीड यांना दिलेच पाहिजे. तरीही, बोटीतून उतरलेल्या, हाताला काम नसलेल्या माणसापुढे इतकी रक्कम ठेवली की त्याचा होकार कितपत त्याचा उरतो, हा प्रश्न मला सोडवत नाही. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा दिला होता, आणि त्याच कामातून हिवतापाचे कोडे सुटले. १९२९ साली अमेरिकी काँग्रेसने पीतज्वराच्या प्रयोगांतील लोकांची सन्माननामावली कायद्याने केली, सुवर्णपदके आणि हयात असलेल्यांना महिना १२५ डॉलर दिले. त्या नामावलीत स्पॅनिश मजूर नाहीत. त्यांना काय वाटले हे आपल्याला करार आणि तापाचे तक्ते यांवरूनच अंदाजाने वाचावे लागते.

पीतज्वर आपल्याकडे कधी पसरला नाही, पण तो पसरवणारा डास आमच्या घरोघरच्या टाक्यांत आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, म्हणून प्रत्येक ओट्यावर भरलेले ड्रम असतात, आणि पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की आरोग्यसेविका ड्रममध्ये टॉर्च टाकून अळ्या शोधतात. १९०१ साली अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांच्या माणसांनी हवानातल्या पाण्याच्या पिंपांची तपासणी अशीच घरोघर केली आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत शहरातला पीतज्वर थांबला.

हेंच यांची पत्रे वाचून मी गेल्या महिन्यात आप्पांच्या एका जुन्या सहकाऱ्यांना पत्र पाठवले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. ज्या पाड्यावर एकाच आठवड्यात घरोघर ताप निघाला होता आणि आप्पा तीन दिवस तिथेच राहिले होते, ते कोणते वर्ष आणि कोणता महिना, एवढेच मी विचारले होते. त्यांचे उत्तर आंतरदेशीय पत्रावर आले. वर्ष त्यांना आठवत नाही. पण आप्पा तिसऱ्या दिवशी रात्री त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा कानबाईचे रोट झाले होते आणि त्यांच्यासाठी खीर झाकून ठेवली होती, हे त्यांना पक्के आठवते.

कानबाई हा आमच्या खानदेशातला देवीचा सण, म्हणजे श्रावण, आणि तोही नागपंचमीनंतरचा रविवार. मोरानचा नाताळ जसा हलत नाही, तशी ही तिथीही हलणार नाही. आप्पांची त्या तालुक्यातली नेमणूक तीन वर्षांची होती, म्हणजे आता तीनच तारखा उरल्या आहेत. जुनी पंचांगे काढून मी त्या तिन्ही एका कागदावर लिहिल्या आहेत, आणि त्या वर्षी पाऊस लवकर लागला होता का, हे विचारणारे दुसरे पत्र काल टपालात टाकले आहे.