गोळ्या तेवढ्याच, पण मात्रा वाढलेली

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो, तेव्हाची ही गोष्ट. ऐन डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींतल्या कोळपणीच्या दिवसांत, चाळिशीच्या एका सालदाराला (वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याला) त्याची बायको आणि भाऊ दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. त्याचे पाय फाकून पडत होते आणि बोलणे जड झाले होते. शेतमालकाने त्याला आदल्या दिवशीच कामावरून घरी पाठवले होते, कारण डवरा ओळीत राहीना आणि पऱ्हाटीची (कपाशीची) झाडे मोडत चालली होती. गावाने निदान केव्हाच करून टाकले होते. मी काही विचारण्याआधीच बायको कळवळून म्हणाली, "साहेब, यायच्या तोंडाले वास येते काय, तुमीच पाहा जी. हे दारूले हात नाही लावत."

वास नव्हता. मी त्याला पेनच्या टोकाकडे पाहायला सांगून पेन हळूहळू बाजूला नेले, तर दोन्ही डोळे कडेला पोहोचताच झटके देत थरथरू लागले. बोट नाकाला लावायला सांगितले तर ते गालावर गेले. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या, मिरगीची एक गोळी बरीच वर्षे घेतली की असे होते, म्हणजे तीच चालू असावी. बायकोने पन्नीतून काढून ठेवलेल्या पाकिटांत ती होतीच: फेनिटॉइन, 100 मिलिग्रॅमच्या 3 गोळ्या, रोज रात्री. मात्रा कोणी वाढवली का, फिट आली म्हणून स्वतःच जास्त घेतली का, हे मी फिरवून फिरवून विचारले. उरलेल्या गोळ्या आणि चिठ्ठीवरची तारीख ताडून पाहिली. हिशेब चोख जुळत होता, कारण रोजच्या गोळ्या ही बाई स्वतःच्या हाताने देत असे.

पन्नीत आणखी दोन पाकिटे होती, क्षयावरचे आयसोनियाझिड आणि त्याच्यासोबत देतात ते पायरीडॉक्सिन हे जीवनसत्त्व. काही आठवड्यांपूर्वी बायकोला फुप्फुसाचा क्षय निघाला होता आणि घरातल्या माणसांना नियमाप्रमाणे प्रतिबंधक उपचार सुरू झाला होता. क्षयरुग्णाच्या सहवासातल्या माणसाला सहा महिने आयसोनियाझिड देणे योग्यच आहे, आणि मिरगीसाठी फेनिटॉइनही योग्यच. मात्र यकृतातल्या ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) फेनिटॉइनचा निचरा होतो, त्याचेच काम आयसोनियाझिड मंद करते. ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड स्वतःच सावकाश निकामी होते, त्यांच्यात हा परिणाम अधिक तीव्र असतो, आणि आपल्या देशात अशा प्रकृतीची माणसे बरीच आहेत.

फेनिटॉइनचा स्वभाव इतर बहुतेक औषधांपेक्षा वेगळा आहे आणि तो प्रत्येक डॉक्टरने मनात पक्का ठेवावा असे मला कळकळीने वाटते. जिनिंगमध्ये दिवसाला ठरावीक गाड्यांचाच कापूस उरकतो. त्याहून चार गाड्या जास्त आल्या की रोजची शिल्लक साठत जाऊन रांग रस्त्यावर येते. यकृताचेही या औषधाबाबत तसेच होते. ठरावीक मर्यादेपलीकडे मात्रा थोडीशी वाढली किंवा निचरा थोडासा मंदावला, तरी रक्तातले प्रमाण त्या हिशेबाने न वाढता एकदम उसळते. म्हणूनच 300 मिलिग्रॅम घेणाऱ्याला फिट आली की "आणखी एक गोळी वाढवा" असे सांगणे धोक्याचे आहे. वाढ करायचीच तर 25 ते 50 मिलिग्रॅमने करावी आणि पुढची वाढ करण्यापूर्वी पुरेसे दिवस थांबावे. सर्वसाधारणपणे रक्तात मिलिलिटरमागे 10 ते 20 मायक्रोग्रॅम इतके प्रमाण अपेक्षित असते. त्यावर गेले की आधी डोळे थरथरतात, मग तोल जातो, आणि त्याहूनही वाढले तर माणूस गुंगीत जातो.

ही तपासणी आमच्याकडे होत नव्हती. नमुना नागपूरला पाठवला, पण अहवालाची वाट पाहत बसणे शक्य नव्हते. भाऊ म्हणत होता की दोन्ही गोळ्या बंदच करून टाकू. तसे घरी परस्पर केले असते तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येण्याची भीती होती. मी रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले आणि तिथल्या फिजिशियनशी फोनवर सविस्तर बोललो. तिथे त्याला भरती करून देखरेखीखाली फेनिटॉइन थांबवण्यात आले आणि चाल सावरल्यावर 200 मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू करण्यात आले. आयसोनियाझिड चालूच राहिले. अहवाल आला त्यात प्रमाण 34 होते.

तो घरी परतल्यावर मी त्या नवरा-बायकोला समोर बसवून आणखी एक गोष्ट समजावली, जी सहज सुटून जाते. आयसोनियाझिड संपेल तेव्हा यकृत पुन्हा पूर्ववत काम करू लागेल, 200 मिलिग्रॅम अपुरे पडेल आणि फिट परत येतील. त्यामुळे प्रतिबंधक उपचार संपण्याची तारीख मी मिरगीच्या कार्डावर लाल शाईने लिहिली आणि क्षयाच्या कार्डावर फेनिटॉइनची मात्रा. ती तारीख बायकोने लक्षात ठेवली आणि त्याला बरोबर त्या आठवड्यात घेऊन आली. रक्त तपासत मात्रा टप्प्याटप्प्याने पुन्हा 300 वर नेली. मधल्या काळात एकही फिट आली नाही. शेतमालकालाही मी बोलावून घेतले आणि तो माणूस दारू प्यायलेला नव्हता हे चारचौघांत सांगितले, कारण सालदाराचे साल त्याच्या नावावर टिकते.

तेव्हापासून आमच्या केंद्रात प्रतिबंधक गोळ्या देण्यापूर्वी आशाताई घरातल्या प्रत्येकाला चालू असलेली औषधे काढून दाखवायला सांगतात, आणि त्यांत मिरगीची गोळी निघाली तर पहिला डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करतात.