यादी मागितलीत म्हणून

फेब्रुवारी संपत आला की फोन सुरू होतात. "ताई, महिला दिनाला बायकांची पाच चांगली पुस्तकं सांगा ना." मी विचारते, वाचणार कोण? की पलीकडचा आवाज नाराज. वाचनालयात इतकी वर्षं काढली, मग पाच नावं द्यायला एवढे आढेवेढे कशाला, असं परवा तुम्हीही विचारलंत. म्हणून लिहिते.

नावं मला तोंडपाठ आहेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ची. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, तेवढ्यावरून सगळ्या बायकांची नीती काढली गेली, त्या संतापात लिहिलेली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर कुणाच्याही हाती द्यावी. अडतं ते पुढे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेने नववीच्या मुलींसाठी यादी मागितली. पुस्तकं पिशवीत घालून मी स्वतःच गेले. यादीत चौथं होतं दलित लेखिका बेबीताई कांबळे यांचं आत्मकथन 'जिणं आमुचं', १९८६चं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते उघडलं ते नेमकं सुनेच्या पायातल्या खोड्यापाशी. सासरचा जाच सोसेना म्हणून पळालेली पोर धरून आणायची, सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून घ्यायचा, त्याच्या भोकात तिचा पाय घालून लोखंडी दांडा अडकवायचा. तो ओढत तिने घरातली कामं करायची. बाईंनी दोन पानं वाचली आणि पुस्तक मिटलं. "चांगलंच आहे हो, पण दिवस आनंदाचा. मुलींना उमेद येईल असं काहीतरी द्या."

पेन माझ्याच हातात होतं. मी चौथं नाव खोडलं.

बेबीताईंनी दुकानात बसून ही पानं लिहिली आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षं लपवली. मी ती परत पिशवीत घातली.

माझीही बाजू आहे. जवळ बसून कुणी समजावणार नसेल, तर चौदा वर्षांच्या पोरीला हे नुसतं हातात द्यावं का? वर्गात बेबीताईंच्याच समाजातल्या दोन-तीन मुली असतात. असलं काही वाचलं जाताना बाकीच्या माना वळवून त्यांच्याकडे बघतात, हे मी पाहिलंय. ही कारणं खोटी नाहीत. पण त्या दिवशी यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. बाई नाराज होऊ नयेत, पुढच्या वर्षीही त्यांनी बोलवावं, एवढंच होतं. कारणं नंतर घरी सुचली.

तेव्हा ठाम राहिले असते तर बरोबर ठरलं असतं का? कधी वाटतं, हो. मग त्या वळलेल्या माना आठवतात.

तुम्हाला यादी देत नाही. एकदा वाचनालयातच या. कुणासाठी हवंय ते सांगा, तिचं वय सांगा, ती घरी कुणाजवळ बोलते तेही सांगा. 'जिणं आमुचं'च्या दोन प्रती आहेत. एक बाहेर गेलीय, दुसरी माझ्या टेबलावर असते. मागच्या महिन्यात एकीने मागितली तर लगेच दिली, दुसरीला म्हटलं, थोडी थांब. जिला थांब म्हटलं, ती मुलगी अजून परत आलेली नाही.