आमची वाटचाल : दोन टेबलांचा ग्रुप

आमची टूर कंपनी मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मिळून चालवतो. ऑफिस नाशिकला. सुरुवात तिकिटं आणि युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या कागदपत्रांपासून झाली, मग काही वर्षं मुंबईच्या एका मोठ्या कंपनीसाठी बुकिंग घेतलं. पंचेचाळीस माणसांची बस आणि रोज रात्री भारतीय हॉटेलात पनीर, डाळ, जिरा राइस. त्या जेवणाला मी नावं ठेवणार नाही. दिवसभर चालून दमलेल्या साठीच्या माणसाला गरम वरणभात मिळाला की दुसऱ्या दिवशी तो हुरुपाने उभा राहतो. पण परतलेली मंडळी पेढे घेऊन ऑफिसात यायची आणि हमखास विचारायची, "तिकडची माणसं घरी काय जेवतात हो?" सांगण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नसायचं.

स्वतःच्या टूर काढायच्या ठरल्या तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "बाकी काहीही कर, पण एक रात्र तिथल्या खानावळीत शांतपणे बसून जेवायचं." त्यासाठी आम्ही फ्रान्समधलं ल्यों शहर निवडलं. सोन नदी आणि फुर्व्हिएरच्या टेकडीच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शहराचं जुनं गाव वसलंय. सँ-पॉल, सँ-झाँ आणि सँ-जॉर्ज हे त्याचे तीन भाग. फ्रान्समध्ये जुनी वस्ती कायद्याने राखायला 1964 मध्ये सुरुवात झाली ती इथूनच, आणि 1998 पासून हा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे. घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणाऱ्या बोळांना त्राबूल म्हणतात. संध्याकाळी त्यातून फिरून आलं की भूकही चांगली लागते.

इथल्या पारंपरिक खानावळींना बुशाँ म्हणतात. लाकडी बाकं, लाल चौकटीचे टेबलक्लॉथ, भिंतीवर तांब्याची भांडी, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या कोपराला आपलं कोपर लागेल इतकी दाटी. जाड बुडाच्या बाटलीत 46 सेंटिलिटर वाइन येते. सगळ्याच जागा अस्सल नाहीत. सँ-झाँच्या मुख्य रस्त्यावर दारात फोटोंचे मेन्यू लावून पर्यटकांना आत ओढणारी बरीच दुकानं आहेत. 2012 पासून अस्सल खानावळींना दारावर लावायला एक अधिकृत पाटी मिळते. ती बघूनच आम्ही दारं ठोठावली.

आणि तिथेच आमच्या धंद्याचा आकार ठरला. जी खानावळ आम्हाला मनापासून आवडली, तिच्या मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, दोन लांब टेबलं देईन, त्याहून जास्त माणसं आणू नका, बाकीची जागा माझ्या रोजच्या गिऱ्हाइकांची. हिशेब मांडला तर बसचं भाडं थोड्या माणसांत वाटावं लागणार होतं, म्हणजे टूरचा दर वाढणार. जाऊबाईंनी रात्रभर वही घेऊन आकडे फिरवले आणि सकाळी म्हणाल्या, ग्रुप लहान करू. तेव्हापासून आमच्या फ्रान्सच्या टूरला दोन टेबलांत मावतील एवढीच माणसं असतात.

सगळ्यात जास्त कष्ट शाकाहारासाठी घ्यावे लागले. ल्योंच्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, कांद्याच्या सूपला बहुधा गोमांसाचा स्टॉक असतो, आणि फ्रेंच चीज पुष्कळदा वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. हे सगळं आम्ही निघण्याआधीच घरी बसून समजावून सांगतो. तिथे ताट समोर आल्यावर कुणाचा जीव टांगणीला लागू नये. मालकीणबाई आमच्यासाठी मसुराचं सॅलड मांसाशिवाय करतात आणि बटाट्याचं ग्रातँ देतात. सायीत शिजलेले बटाट्याचे काप, वरून खरपूस. चीजचं ज्याचं त्याने ठरवावं. अंडं न खाणाऱ्यांना शेवटी गुलाबी प्रालीनच्या, म्हणजे साखरेत घोळवलेल्या बदामांच्या, टार्टऐवजी फळं.

मासे खाणाऱ्यांची मात्र चैन असते. पाइक माशाच्या लगद्याचा गोळा, म्हणजे कनेल, ओव्हनमधून थेट टेबलावर येतो, टम्म फुगलेला, भोवती गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचा नारिंगी रस कडेला रटरटत असतो. दोन मिनिटं थांबलात तर खाली बसतो, म्हणून मालकीणबाई फोटो काढू देत नाहीत, हातात चमचाच देतात. मागच्या खेपेला येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरातल्या दोघीजणी होत्या. दुपारी त्यांनी क्र्वा-रूसला, ल्योंच्या विणकरांच्या टेकडीवर, जाकार्ड माग पाहिला होता, पंच केलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी चालते ती कशी हे त्याच आम्हाला सांगत होत्या. रात्री रेशीम विणकरांच्या नावाचा चीजचा पदार्थ आला, बांधलेल्या चक्क्यात कांदा, लसूण आणि हिरवी पात कालवावी तसा. एकीने पावाला लावून खाल्ला आणि म्हणाली, "मागावर बसून हेच परवडतं, पटकन होतं."

जेवणाआधी मी ग्रुपला युजेनी ब्राझिए यांच्याबद्दल सांगते. ल्योंच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या अनेक बायकांनी पुढे स्वतःची खानावळ काढली, त्यातल्या या सर्वांत नावाजलेल्या. 1921 मध्ये छोटी जागा घेतली, पुढे दुसरीही काढली, आणि 1933 मध्ये त्यांच्या दोन्ही रेस्टॉरंटना मिशेलिन या रेस्टॉरंटच्या मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे, म्हणजे तिथला सर्वांत मोठा मान, मिळाले. पुढे जगभर नाव झालेले शेफ पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्या हाताखाली शिकले. जाऊबाई आणि मी धंद्यात पडलो तेव्हा "दोन बायका युरोप कशा नेणार" असं ऐकलं होतं, त्यामुळे हे सांगताना माझा आवाज जरा चढतो.

2020 मध्ये सगळंच थांबलं. ऑफिसचं भाडं भरायला आम्ही दिवाळीचा फराळ परदेशी पाठवायची कामं घेतली. टूर पुन्हा सुरू केल्या तेव्हा मालकीणबाईंना मेल केला. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं : टेबलं तीच, वेळ संध्याकाळी सात, प्रत्येकाचे पदार्थ आठवडाभर आधी कळवा.

सातची वेळ आपल्याला सोयीची आहे. दुपारचं मात्र दोनच्या आत गाठावं लागतं, नंतर स्वयंपाकघर बंद. टीप देण्याची सक्ती नाही, सेवा बिलातच धरलेली असते. साधं पाणी जगमधून फुकट मिळतं, तेवढं मागायचं. यंदाच्या टूरसाठी नावं घेणं सुरू आहे. फोन केलात तर जाऊबाई पहिला प्रश्न विचारतील : अंडं चालतं का, आणि चीज?