जीडीबीला नकार नक्की कोण देतं?

प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) आपलीच, यूजरही तोच, तरी जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये डोकावून चुका शोधणारं साधन, तिला जोडायला गेलं की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. मग बहुतेक जण सरळ सुडो लावतात, म्हणजे कमांड रूट या सर्वाधिकारी यूजरच्या नावाने चालवतात. काम होतं, पण नकार कुठून आला ते कळत नाही.

एका प्रोसेसने दुसरीला जोडून तिच्यावर ताबा मिळवायचा तर पीट्रेस ही सिस्टिम कॉल लागते. लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) तिची परवानगी टप्प्याटप्प्याने तपासतो आणि बहुतेक टप्प्यांवर एरर हीच येते. आधी ओळख: आपला यूजर आयडी समोरच्या प्रोसेसच्या रिअल, इफेक्टिव्ह आणि सेव्ह्ड अशा तिन्ही आयडींशी जुळायला हवा. ग्रुपचंही तसंच. नाहीतर सिस-पीट्रेस कॅपॅबिलिटी, म्हणजे सहसा रूटकडे असणारा खास अधिकार, लागतो. मग डम्पेबल फ्लॅग, म्हणजे प्रोसेसची मेमरी इतरांना वाचू द्यायची की नाही याची खूण; ती शून्य असेल तर साध्या यूजरला नकार. एसएसएच-एजंट हा लॉगिनला मदत करणारा प्रोग्राम मेमरीत खासगी किल्ल्या बाळगतो, म्हणून तो हा फ्लॅग स्वतःच शून्य करतो. ज्या बायनरीला एक्झिक्यूटची परवानगी आहे पण रीडची नाही, तिच्या प्रोसेसलाही साधा यूजर जोडू शकत नाही. हे पटकन लक्षात येत नाही.

यानंतर यामा, म्हणजे 2012 साली 3.4 आवृत्तीत आलेलं सुरक्षा मॉड्यूल. त्याची पीट्रेस-स्कोप सेटिंग 0 असेल तर जुनेच नियम. 1 असेल तर फक्त आपल्या वंशातल्या प्रोसेसना जोडता येतं. उबुंटूत हेच असतं. म्हणून जीडीबीतून सुरू केलेला प्रोग्राम चालतो, पण दुसऱ्या टर्मिनलमधला आधीच चालू असलेला नाही. 2 ला कॅपॅबिलिटी हवीच. 3 लावलं की जोडणं पूर्ण बंद, आणि रीबूट केल्याशिवाय ते बदलतही नाही.

कायमचं 0 करून ठेवू नका. आपल्या खात्यातला एक प्रोग्राम हल्लेखोराच्या हाती गेला, तर तो ब्राउझरची मेमरीही वाचू शकेल. प्रोग्राम आपला असेल तर त्यातच पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलच्या सेट-पीट्रेसर पर्यायाने डीबगरचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) जाहीर करा. तात्पुरतं 0 हवंच असेल तर कर्नलच्या सेटिंग्ज बदलणारी सिसकंट्रोल कमांड सुडोने चालवा. ‘सुडो एको’ करून आउटपुट सेटिंगच्या फाइलकडे रीडायरेक्ट केलं तर चालत नाही, कारण फाइल उघडते आपली शेल, सुडो नव्हे.

डॉकर कंटेनरमधल्या (प्रोग्राम वेगळे ठेवून चालवण्याच्या बंदिस्त जागेतल्या) रूटकडे सिस-पीट्रेस कॅपॅबिलिटी मुळात नसते. कंटेनर सुरू करतानाच कॅप-अॅड या पर्यायाने द्यावी लागते. यामाची सेटिंगही कंटेनरपुरती नसते, ती होस्टच्या, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या मूळ मशीनच्या, अख्ख्या कर्नलला एकच.

आणि हे सगळं ठीक असूनही नकार आला, तर प्रॉक या कर्नलच्या माहितीच्या फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये ट्रेसर-पिडची ओळ बघा. तिथे शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर एसट्रेस (प्रोग्रामच्या सिस्टिम कॉल टिपणारं साधन) किंवा दुसरा डीबगर आधीच जोडलेला आहे. एका वेळी एकच ट्रेसर चालतो. रूटलाही यातून सूट नाही.