कुकडीच्या पात्रातलं जातं

पुण्याहून शिरूर, तिथून टाकळी हाजी. नववीची अडतीस मुलं, दोघांना गाडी लागली. प्रवासाचं एवढंच.

रांजणखळगे, म्हणजे नदीच्या खडकाळ पात्रात झिजून पडलेले रांजणासारखे खड्डे, मी अकरा वर्षं फळ्यावर शिकवत आले. व्याख्या, खाली आकृती, दोन गुण. ते जिथे आहेत ते निघोज इतकं जवळ असूनही पाहिलं नव्हतं. नदीवर उतरल्यावर मुलांना ते सांगून टाकलं. सांगताना जड गेलं.

मळगंगेच्या देवळापाशी कुकडीचं पात्र चिंचोळं होतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट, आणि त्यात विहिरीएवढे, घागरीएवढे, वाटीएवढे खळगे, एकमेकांत शिरलेले. मी जरा वेळ बोललेच नाही. मुलं मात्र कार्यपत्रिकेत डोकं घालून रकाने भरायला लागली होती. ती मीच रात्री जागून केलेली. सगळ्या परत घेतल्या.

धारेपासून लांब, कडेला एक परातीएवढा उथळ खळगा होता. म्हटलं, आधी यात हात घाला. तळाशी गुळगुळीत गोटे लागले. एका मुलाने ते मुठीने गरागरा फिरवले. घर्र घर्र आवाज झाला आणि शेजारची मुलगी ओरडली, "बाई, हे तर जातं!" तिच्या आजीकडे अजून आहे म्हणे. मग तिनेच विचारलं, "पण ह्यात दळलं काय जातं?"

दगडच. पुराचं पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, एखाद्या भेगेत नाहीतर खोलगट जागी गोटे अडकतात आणि तळ, कडा घासत राहतात. गोटेही झिजतात, पुढचा पूर नवे आणतो. नुसत्या पाण्याला हे जमलं नसतं. पाणी म्हणजे खुंटा धरणारा हात. माझ्या आकृतीत पाण्याचे बाण होते, गोटा एकही नव्हता.

दोन मोठ्या खळग्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. देवदर्शनाला येऊन नदीत कचरा टाकणाऱ्यांचा फार राग आला. आणि जाणार असाल तर उन्हाळ्यात जा. पावसाळ्यात मुलांना तिथे नेऊ नका, कडा निसरड्या आहेत आणि खळगे खोल.

निघताना प्रत्येकाला एकेक गोटा घरी न्यायचा होता. मी नको म्हटलं. जात्याचा शोध लावणारीने आपला गोटा खिशातून काढला, मागे पळत गेली आणि त्याच खळग्यात टाकून आली.