काळ्या घोड्यावरचे सयाजीराव

बडोद्याच्या कमाटीबागेच्या प्रवेशद्वारासमोरील चौकात महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. सारे शहर त्याला काळा घोडा म्हणते. हा पुतळा 1907 सालचा असून या सालाकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही, असे मला वाटते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, बडोद्याचे आधीचे राजे खंडेराव महाराज यांच्या पत्नी जमनाबाईसाहेबांनी 1875 मध्ये दत्तक घेतल्यावर, बाराव्या वर्षी गादीवर आला. राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे मात्र त्याच्या हाती 28 डिसेंबर 1881 रोजी आली. त्या कारभाराची पंचवीस वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास हा पुतळा घडला. म्हणजे हयात असलेल्या, चव्वेचाळिशीतल्या राजाचा पुतळा त्याच्याच राजधानीत उभा राहिला. अशा पुतळ्यांविषयी मला एरवी शंका वाटते, कारण सत्तेवर असलेल्या माणसाचा गौरव करणे सोपे असते. पण येथे पुढची बत्तीस वर्षे त्या गौरवाला पुरून उरली. 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1906 मध्ये साऱ्या संस्थानात लागू झाले होते, एवढे श्रेय पुतळ्याच्या आधीचे. 1908 ची बँक ऑफ बडोदा, 1910 पासूनची गावोगावच्या ग्रंथालयांची चळवळ आणि 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती ही सारी त्यानंतरची कामे आहेत. ज्या सयाजीरावांना आपण मानतो, त्यांचे निम्मे कार्य हा पुतळा उभारला गेला तेव्हा व्हायचे होते.

पुतळा घडवला फ्रान्सिस डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने. हा माणूस केवळ राजेरजवाड्यांची कामे करून थांबणारा नव्हता. पहिल्या महायुद्धात लंडनच्या लष्करी रुग्णालयात त्याने, गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांनी चेहरे विद्रूप झालेल्या सैनिकांसाठी, त्यांच्या जुन्या छायाचित्रांवरून धातूचे पातळ मुखवटे तयार केले. ते कळल्यापासून महाराजांच्या चेहऱ्याकडे मी अधिक निरखून पाहतो.

मुंबईच्या काळ्या घोड्याशी आपल्या घोड्याची गल्लत वारंवार होते, म्हणून हेही सांगतो. तेथे जोसेफ बोहम याने घडवलेला, प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा 1879 मध्ये बसवला गेला आणि 1965 मध्ये हलवला गेला. आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे, आणि 2017 मध्ये जुन्या परिसरात जो नवा घोडा आला, त्यावर स्वारच नाही. परक्या राजपुत्राला हलवणे स्वाभाविकच होते. बडोद्यात मात्र राजा जागेवर राहिला, आणि माझ्या मते हा निवाडा लोकांनी त्याच्या कामावरून दिलेला आहे.

पावसाळ्यात विश्वामित्री नदी फुगली की तिची पातळी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर मोजतात. तेथे 26 फूट ही धोक्याची खूण आहे. ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी 35 फुटांच्या वर गेले होते. त्या दिवसांत दांडिया बाजारापासून फतेगंजापर्यंत जो तो एकमेकांना एवढेच विचारीत होता : काळ्या घोड्याला किती आहे?